केस इंटरव्ह्यूची तयारी बेळगावातून: फुकटच्या केसेस, पेड कोर्स आणि मॉक, सगळं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. कन्सल्टिंग कंपन्यांनी (दुसऱ्या कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या) स्वतःच्या साइटवर ठेवलेल्या फुकट केसेस, म्हणजे धंद्याचे सोडवायचे प्रश्न, पाचपैकी साडेचार. रेकॉर्डेड व्हिडिओचा पेड कोर्स, पाचपैकी दीड. व्हिडिओ कॉलवर समोर बसून मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, घेणारा अनुभवी माणूस, महाग आहे पण पाचपैकी चार. आणि जी गोष्ट कुठल्याच साइटवर विकत मिळत नाही पण जिच्याशिवाय हे तिन्ही वाया जातं ती म्हणजे तुमच्यासोबत नियमित बसून केस सोडवणारा, तुम्हाला मध्येच अडवणारा एक पार्टनर. तो आधी शोधा, बाकीचं नंतर.

आता सविस्तर लिहिते कारण आमच्या भागात ह्या विषयावर मराठीत काहीच वाचायला मिळत नाही. व्हीटीयू ह्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात, शहरात नि आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेजेस भरपूर, पण कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या ॲप्टिट्यूड, कोडिंग आणि एचआर ह्यावरच थांबतात, त्यामुळे केस राउंड हा प्रकार सीनियर्सकडून पण कानावर पडत नाही. मॅकिन्झी, बीसीजी, बेन ह्या तीन मोठ्या फर्म मुख्यतः आयआयटी-आयआयएमच्या कॅम्पसवर जातात हे खरंय. पण ऑफ-कॅम्पस अप्लाय करताना झेडएस असोसिएट्स, डेलॉइट, ईवाय अशांच्या कन्सल्टिंग आणि ॲनालिटिक्सच्या रोलला केस विचारतात, काही स्टार्टअप पण विचारतात, आणि आमची पोरं ॲप्टिट्यूड छान पास होऊन नेमकी तिथं अडकतात. हुशारी कमी पडते म्हणून अजिबात नाही, तर अर्धा तास एखाद्या धंद्याच्या प्रश्नावर मोठ्यानं विचार करत बोलायचं असतं ह्याची सवयच कुणी लावलेली नसते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटरव्ह्यू घेणारा तुम्हाला एका कंपनीची अडचण सांगतो, नफा का घटला, नवीन शहरात दुकान काढावं का, ह्या वस्तूची किंमत किती ठेवावी, ही दुसरी कंपनी विकत घ्यावी का, अमुक वस्तूचं मार्केट केवढं असेल, असलं काहीतरी. तुम्ही प्रश्न विचारायचे, मग मिनिटभर वेळ मागून कागदावर प्रश्नाचे भाग पाडायचे, कुठल्या भागाकडे आधी बघणार आणि का ते सांगायचं, तो आकडे देतो त्यावर कॅल्क्युलेटरशिवाय गणित करायचं, आणि शेवटी "मी असं करा म्हणेन, कारण ही तीन" असं ठामपणे सांगायचं. एकच बरोबर उत्तर असं बहुतेक वेळा नसतंच. तुम्ही विचार कसा करता ते बघतात.

तर पहिल्यांदा फुकटच्या केसेस. मॅकिन्झीच्या करिअर पेजवर प्रॅक्टिस केसेस आहेत, लॉगिन नको, पैसे नको, मोबाईलवर पण उघडतात. माझ्या मते नवीन माणसानं सुरुवात इथंच करावी, आणि त्याचं कारण कंपनीचं नाव मोठं आहे हे नाही. मॅकिन्झीची पद्धत अशी की केस इंटरव्ह्यू घेणारा चालवतो, म्हणजे एकामागून एक ठरलेले प्रश्न येतात, त्यामुळे साइटवर पण प्रश्न ओळीनं दिलेत आणि उत्तर झाकलेलं आहे, तुम्ही क्लिक केल्यावर उघडतं. एकट्यानं बसणाऱ्याला हे फार सोयीचं. बीसीजी नि बेनकडे बऱ्याचदा केस तुम्हीच पुढे न्यायची असते, म्हणजे "आता मला खर्चाचे आकडे बघायचेत" हे तुम्ही म्हटलं तरच आकडे मिळणार, आणि ते एकट्यानं करणं अवघड. म्हणून आधी मॅकिन्झीच्या केसेस, पार्टनर मिळाला की मग बाकीच्या.

त्यातली दिकोन्सा म्हणून एक केस आहे ती आमच्याकडच्या लोकांनी नक्की करावी. मेक्सिकोत सरकारी दुकानांची साखळी आहे, खेड्यापाड्यात पसरलेली, आणि प्रश्न असा की ह्याच दुकानांमधून गावातल्या लोकांना बँकेच्या साध्या सोयी देता येतील का. मी हे वाचत होते तेव्हा डोळ्यासमोर आमच्याकडचं रेशन दुकान आणि गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकार बायकांना महिन्याला देतं ते) पैसे काढायला बँकेत जाणाऱ्या बायका आल्या. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातनं एखादी मावशी दोन हजार रुपये काढायला बसनं तालुक्याला येते तेव्हा तिचा अख्खा दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी जाते, बँकेत लाइन असते, कधी सर्व्हर डाउन असतो आणि परत यावं लागतं. हे ज्यानं घरात, गावात बघितलंय त्याला "ग्राहकाला ह्यातनं काय फायदा होईल" ह्या प्रश्नावर जे मुद्दे सुचतात ते मोठ्या शहरात वाढलेल्या पोराला सुचतीलच असं नाही. आपण बेळगावचे, आपल्याला बिझनेसमधलं काय कळतंय, असं जे आपल्या पोरांच्या डोक्यात बसलंय ना, ते ही एक केस मनापासून केली की बऱ्यापैकी निघून जातं.

टॅल्बॉट ट्रक्स म्हणून दुसरी आहे, डिझेल ट्रक बनवणारी कंपनी इलेक्ट्रिक ट्रककडे वळावी का अशी. त्यात ट्रक घेतल्यापासून विकेपर्यंतचा एकूण खर्च काढायला लावतात, नुसती खरेदीची किंमत नाही. ज्यांच्या घरी ट्रान्सपोर्टचा धंदा आहे त्यांना हे गणित तोंडपाठ असतं, ड्रायव्हर, डिझेल, टायर, इन्शुरन्स, मेंटेनन्स. ब्युटिफाय ही सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातल्या सेल्सवाल्यांना ऑनलाइन विक्रीकडे वळवण्याची केस, ती पण चांगली आहे पण मला दिकोन्साइतकी नाही भिडली.

ह्या केसेसमध्ये कमी काय? तर साइटवरचं उत्तर वाचलं की "हां, मला पण हेच म्हणायचं होतं" असं वाटतं, आणि तिथंच फसायला होतं, कारण मनात असणं आणि तोंडातनं नीट ओळीत बाहेर पडणं ह्यात खूप अंतर आहे. तुमचं उत्तर अर्धवट असलं तर साइट "आणखी काय?" असं विचारत नाही, तुम्ही चुकीच्या रस्त्यानं निघालात तर अडवत नाही. म्हणून मी एक नियम सांगेन, उत्तर उघडायच्या आधी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि मगच क्लिक करा. रेकॉर्डिंग ऐकताना पहिल्यांदा फार विचित्र वाटतं, पण तुम्ही किती वेळा "म्हणजे, ॲक्च्युअली, म्हणजे" करता ते तेव्हाच कळतं. अर्धा मार्क मी ह्यासाठीच कापलाय.

बीसीजीच्या साइटवर पण सरावासाठी केसेस आहेत आणि त्यांचा केसी नावाचा चॅटबॉट आहे जो काही ठिकाणी सुरुवातीच्या राउंडला खरोखर वापरतात, त्यात टाइप करून उत्तरं द्यायची असतात आणि घड्याळ चालू असतं. बेननं मॉक इंटरव्ह्यूचे व्हिडिओ टाकलेत. ते बघा, पण सिनेमा बघितल्यासारखे बघू नका, उमेदवार बोलायला लागला की पॉज करून आधी तुम्ही बोला. शिवाय आयआयएम आणि अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलच्या कन्सल्टिंग क्लबच्या केसबुकच्या पीडीएफ नेटवर मिळतात, पार्टनरसोबत करायला त्या उत्तम, कारण त्यात इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं कुठला आकडा कधी द्यायचा ते पण लिहिलेलं असतं. भारतातल्या कॉलेजांच्या केसबुकमध्ये गेसस्टिमेट (अमुक वस्तू किती खपते असले आकडे अंदाजानं काढायचे प्रश्न) जास्त असतात, आणि आपल्याकडच्या इंटरव्ह्यूत ते विचारतातच, त्यामुळे त्या सोडू नका.

एक अडचण मात्र ह्या सगळ्या परदेशी केसेसमध्ये आपल्या लोकांना येते ती म्हणजे मिलियन-बिलियन. आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. १ मिलियन म्हणजे १० लाख, १० मिलियन म्हणजे १ कोटी, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, हे माहीत सगळ्यांना असतं पण घाईत शून्य इकडचं तिकडं होतं आणि मग पुढचं सगळं गणित पडतं. माझा सल्ला, आकडे ज्यात दिलेत त्यातच शेवटपर्यंत राहा, मध्येच लाखात बदलून परत मिलियनमध्ये आणू नका. डोक्यात आकडेमोड मराठीत चालली तरी चालते हो, पाढे आपण मराठीतच पाठ केलेत, पण कागदावर लिहिताना आणि बोलताना एकच एकक. आणि गणित करताना गप्प बसू नका, "आता मी ह्याला त्यानं गुणते" असं बोलत करा, म्हणजे चुकलं तरी समोरच्याला कुठं चुकलं ते दिसतं आणि तो बऱ्याचदा सांभाळून घेतो.

आता पेड कोर्सबद्दल. नाव लिहीत नाही, ऑनलाइन चालतो, जाहिरात इन्स्टावर सतत दिसते, फी पाच आकडी. सांगताना सांगितलं लाइव्ह मॉक मिळतील, मोठ्या कंपनीतले मेंटर मिळतील, आणि प्रत्यक्षात रेकॉर्डेड व्हिडिओचा ढीग आणि फ्रेमवर्कची एक पीडीएफ मिळाली. "लाइव्ह" म्हणजे आठवड्याला एक ग्रुप कॉल, त्यात एवढी पोरं की आपली पाळी यायच्या आत कॉल संपायचा. रिफंडसाठी मेल केला तर "तुम्ही व्हिडिओ उघडलेत, आता पॉलिसीत बसत नाही" असं उत्तर. ज्या घरात फीसाठी कुणीतरी पिग्मी (रोज थोडे थोडे भरलेले पैसे) मोडलेली असते त्या घरातल्या पोरांकडनं असे पैसे घेणं मला अजिबात पटत नाही, आणि हे लिहायचं मुख्य कारण तेच आहे.

पण पैशापेक्षा मोठा आक्षेप त्यात शिकवतात त्यावर आहे. नफ्याचा प्रश्न आला की हा साचा, नवीन मार्केटचा आला की तो साचा, किमतीचा आला की तिसरा, सगळे पाठ करा. आता नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले नग, खर्चात स्थिर नि बदलता, हे यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. भाग पाडताना एक मुद्दा दोनदा येऊ नये आणि कुठला सुटू पण नये, ज्याला सगळे मीसी म्हणतात, ती शिस्त पण पाहिजे. पण पाठ केलेला साचा समोरच्या धंद्यावर जसाच्या तसा चिकटवला की इंटरव्ह्यू घेणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं, कारण तो दिवसभर तेच ऐकत असतो. हॉस्पिटलची केस असू दे नाहीतर साखर कारखान्याची, पोरगं आपलं "कस्टमर, कॉम्पिटिशन, कंपनी" करत सुटतं. अहो, साखर कारखान्यात गळीत हंगाम काही महिन्यांचाच, उसाचा दर सरकार ठरवतं, उतारा, म्हणजे उसातनं साखर किती निघाली, त्यावर अर्धं गणित, आणि बगॅसपासनं (उसाच्या चोथ्यापासनं) वीज, मळीपासनं इथेनॉल हे उत्पन्न वेगळंच. बेळगाव जिल्ह्यात एवढे कारखाने, चिकोडी-अथणीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला हे माहीत असतं. ते सगळं बाजूला ठेवून तो पाठ केलेला साचा म्हणतो ह्याचं मला फार वाईट वाटतं.

ह्यावर उपाय काय तर आजूबाजूच्या धंद्यांच्या केसेस बनवा. माझे पप्पा उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहेत. त्यांना मी एकदा जेवताना विचारलं की समजा ऑर्डर तेवढ्याच आहेत, दर तेवढाच आहे, तरी नफा पडला तर तुम्ही आधी काय बघाल. त्यांनी पाणी प्यायच्या आत उत्तर दिलं, "रिजेक्शन." त्यावरनं मी आणि माझ्या मैत्रिणीनं जी केस बनवली ती इथं पूर्ण देते, करून बघा, आकडे आम्ही सरावासाठी धरलेले आहेत.

महिन्याला १०० टन ओतकाम. कास्टिंगचा दर किलोला ११० रुपये. आधी रिजेक्शन ४ टक्के होतं, आता ९ टक्के झालंय. आधी नफा विक्रीच्या ६ टक्के होता. आता नफ्याचं काय झालं?

आधी ९६ टन माल विकला जायचा, म्हणजे १ कोटी ५ लाख ६० हजार, त्याचे ६ टक्के म्हणजे ६ लाख ३४ हजाराच्या आसपास नफा. आता ९१ टन विकला जातो, ५ टन कमी, म्हणजे साडेपाच लाखाची विक्री गेली, आणि वितळवायचा, साचे करायचा, मजुरीचा खर्च तर १०० टनाचाच झालेला आहे. बरेच जण इथं थांबून "नफा ८४ हजारावर आला" असं सांगतात. मैत्रिणीनं पण तेच सांगितलं. पप्पा शेजारी बसून ऐकत होते, ते म्हणाले, "अगं पण रिजेक्ट झालेला माल काय टाकून देतात व्हय? तो परत भट्टीत जातो की!" बरोबर. तो परत वितळवून वापरला तर तेवढं स्क्रॅप बाहेरनं घ्यावं लागत नाही. किलोला ३५ रुपये स्क्रॅपचे धरले तर ५ टनाचे १ लाख ७५ हजार वाचले. म्हणजे खरं नुकसान पावणेचार लाख, नफा ६ लाख ३४ हजारावरनं २ लाख ५९ हजारावर. निम्म्याहून जास्त गेला, पण संपला नाही.

गणित एवढंच, पण खरी केस इथनं पुढं सुरू होते. पुढचा प्रश्न, रिजेक्शन का वाढलं? सगळ्याच पार्टमध्ये वाढलं की एकाच? दिवसपाळीत की रात्रपाळीत? वाळू बदलली का, नवीन पॅटर्न आलाय का, जुने मोल्डर सोडून गेलेत का? आणि माल आमच्याकडेच रिजेक्ट होतोय की गिऱ्हाइकाकडे मशिनिंग झाल्यावर? कारण गिऱ्हाइकाकडनं परत आला तर जायचं-यायचं भाडं, त्यांच्या मशिनिंगचा भुर्दंड आणि ऑर्डर जायची भीती, हे सगळं वर चढतं. हे प्रश्न पप्पांनी एकामागून एक सांगितले आणि आम्ही नुसतं लिहून घेत होतो. पुढे खऱ्या इंटरव्ह्यूत मला बाटल्या भरणाऱ्या प्लांटची केस आली, धंदा पूर्ण वेगळा, पण माल कुठल्या टप्प्यावर खराब होतोय आणि त्यातलं परत काय मिळतं हे मी विचारलं तेव्हा समोरच्या सरांनी मान वर करून बघितलं आणि तिथनं पुढचं बोलणं अगदी मोकळं झालं.

गेसस्टिमेटचं पण तसंच. "मुंबईत किती पिझ्झा विकले जातात" हे करून करून कंटाळा येतो, त्यापेक्षा बेळगावात दिवसाला किती किलो कुंदा, आपली दुधाची मिठाई, विकला जातो ते काढा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखाच्या थोडी आत होती, आता सहा लाख धरू, घरटी साडेचार माणसं म्हणजे सव्वा ते दीड लाखाच्या मध्ये घरं. पाचातलं एक घर महिन्याला अर्धा किलो घेतं असं धरलं तर महिन्याला तेरा हजार किलो, दिवसाला सव्वाचारशे-साडेचारशे. आता इथंच थांबलात तर उत्तर चुकलं, कारण बेळगावचा माणूस कुंदा स्वतः खातो त्यापेक्षा पुण्याला, गोव्याला, बेंगळुरूला जाताना पाव्हण्यांसाठी जास्त नेतो. म्हणजे बाहेर जाणाऱ्यांचा वेगळा भाग पाडायला पाहिजे, बस, रेल्वे, स्वतःची गाडी. दिवसाला २० हजार लांबचे प्रवासी धरले आणि दहातल्या एकानं अर्धा किलो घेतला तर हजार किलो. एकूण चौदाशेच्या आसपास. मग उलट बाजूनं तपासायचं, शहरात कुंदा विकणारी दुकानं किती असतील आणि एकेकाकडे किती खपत असेल, सत्तर दुकानं गुणिले वीस किलो, जुळतंय. धरलेला कुठलाही आकडा इकडंतिकडं होऊ शकतो, त्याला कुणी काही म्हणत नाही, पण घरचं गिऱ्हाईक आणि प्रवासी गिऱ्हाईक वेगळं काढलं की नाही हे मात्र बघतातच बघतात.

अजून विषय हवे असतील तर कर्नाटकात ११ जून २०२३ पासनं बायकांना सरकारी बस फुकट झाली, शक्ती योजना, त्यानंतर एखाद्या वडापवाल्याचा (खाजगी गाडीत सीट भरून नेणाऱ्याचा) धंदा किती पडला असेल आणि त्यानं आता काय करावं, ही केस घ्या. मैत्रीण खानापूरची, रोज बसनं येणारी, तिनं ही केस दिली तेव्हा मला घाम फुटला कारण तिला प्रत्येक फेरीला कोण बसतं ते माहीत होतं. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांची केस घ्या, मजुरीवर साडी विणून द्यावी की स्वतःच्या नावानं विकावी. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची घ्या. सीमेवरच्या पेट्रोल पंपाची घ्या, दोन राज्यांतले दर वेगळे असले की गिऱ्हाईक कुठं जातं. हे सगळं आपल्याला फुकट मिळालेलं आहे.

आता मॉकबद्दल. कोर्सचा नाद सोडल्यावर मी एका माणसाकडे सुटी सेशन घेतली, आधी कन्सल्टिंगमध्ये काम केलेले, आता स्वतंत्रपणे शिकवतात. तासाचे पैसे ऐकून घरी सगळे गप्प झाले, खोटं कशाला सांगू. पण त्या तासाभरात जे मिळालं ते महिनाभर व्हिडिओ बघून मिळालं नसतं. मी उत्तर सांगायला सुरुवात केली की ते मध्येच थांबवायचे, "बरं, मग? ह्याचं कंपनीनं करायचं काय?" मी आकडा सांगून गप्प बसायचे, त्यांना आकड्याचा अर्थ पाहिजे असायचा. खर्च १२ टक्के वाढला, ठीक, पण कुणामुळे, आणि तो थांबवता येतो का. दुसरं, मी सगळी माहिती सांगून शेवटी निष्कर्ष सांगायचे, त्यांनी ते उलटं करायला लावलं, निष्कर्ष पहिल्या वाक्यात, कारणं नंतर. आपल्या घरात बोलायची पद्धतच अशी की आधी सगळी पार्श्वभूमी आणि मग मुद्दा, त्यामुळे हे अंगवळणी पडायला खूप वेळ लागतो, पण एकदा पडलं की एचआर राउंडला पण उपयोगी पडतं. सेशन संपल्यावर लेखी फीडबॅक दिला, तो पण मोघम नाही, कुठल्या मिनिटाला काय बोलले ते धरून.

एक मार्क कापला तो फक्त पैशासाठी. दोन-तीन सेशन परवडली तरी पुष्कळ, आणि ती अगदी सुरुवातीला घेऊ नका, वीसेक केसेस पार्टनरसोबत झाल्याशिवाय तर नाहीच, नाहीतर ज्या चुका मैत्रीण फुकटात सांगेल त्याच ऐकायला पैसे द्याल. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या, मॉक एकट्याचा आहे की ग्रुपमध्ये, केस घेणारा माणूस नक्की कोण आणि त्यानं स्वतः कुठं काम केलंय, आणि फीडबॅक लिहून मिळणार का. ह्यातल्या एकाचं पण उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या.

पार्टनर गावात मिळत नसेल तर प्रेपलाउंजसारख्या साइट आहेत, तिथं दुसऱ्या देशातले उमेदवार भेटतात, एकदा तुम्ही त्यांची केस घ्यायची, एकदा त्यांनी तुमची. युरोपातले बरेच असतात, त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, वेळ जमते. इंग्रजी बोलायची भीड मोडायला हा उपाय फार चांगला, कारण समोरच्या जर्मन किंवा इटालियन पोराची पण ती मातृभाषा नसते, आणि तुमचे उच्चार कुणी मोजत बसत नाही. तिथं कोच पण असतात पण फी युरोत, ती आपल्याला झेपत नाही. आणि केस घेणाऱ्याच्या खुर्चीत बसायचा कंटाळा करू नका, समोरचा कुठं भरकटतोय हे तिथनं जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं स्वतः सोडवताना कधीच दिसत नाही.

केसच्या आधी दहा-पंधरा मिनिटं स्वतःबद्दल विचारतात, टीम चालवली का, कुणाशी पटलं नाही तेव्हा काय केलं, वगैरे. त्याला कॉलेजच्या टेक फेस्टची गोष्ट सगळेच सांगतात. आमच्या गल्लीतला एक दादा शिवजयंतीच्या चित्ररथाचं सांगून आला, वर्गणी कमी पडली, ट्रॅक्टरवाल्यानं आदल्या दिवशी नाही म्हटलं, वीस-पंचवीस पोरांत दोन गट पडलेले, आणि मिरवणूक तर काढायचीच होती. त्यानं हिशोब सगळ्यांसमोर ठेवून दोन्ही गटांना एकत्र कसं बसवलं ते ओळीनं सांगितलं. इंटरव्ह्यू घेणारे पुढं त्यावरच प्रश्न विचारत बसले म्हणे. मंडळाचं काम केलेल्यांनी ते रेझ्युमेवर लिहायला अजिबात लाजू नका.

आमचा सध्या चार-पाच जणांचा छोटा ग्रुप आहे, शनिवारी संध्याकाळी टिळकवाडीत बसतो, ज्यांना लांब पडतं ते फोनवरनं जोडतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठलंही गाव चालेल, बीकॉमवाले पण या, इंजिनिअरच पाहिजे असं काही नाही. पहिल्या एक-दोन केसेस मराठीत किंवा कन्नडात केल्या तरी हरकत नाही, नंतर इंग्रजीतच करतो. येताना ज्या धंद्याबद्दल तुम्हाला घरातनं माहिती आहे त्याची एक केस बनवून आणा, आकडे अंदाजे चालतील. कमेंटमध्ये तालुका आणि कुठल्या रोलची तयारी करताय एवढं लिहा, मी बघून सांगते.